काढा घ्या, पण घड्याळ बघून

पहिल्या पाळीची बस पकडायची तर चाकणला कामाला जाणाऱ्याला पहाटे साडेचार-पाचला उठावं लागतं. आमवात असलेल्या बोटांसाठी हीच वेळ सगळ्यात वाईट. डब्याचं झाकण लागत नाही, शर्टाची बटणं लागत नाहीत, मूठ वळत नाही. कामाला लागल्यावर तासा-दीड तासाने हात सैल पडतात आणि दुपारी वाटतं, सकाळचं एवढं काही नव्हतं. वायर हार्नेस जोडणाऱ्या, बारीक स्क्रू बसवणाऱ्या, पॅकिंगवर बसणाऱ्या बायका हे दुखणं ‘लाईनवरच्या कामाने होतं’ म्हणून महिनोन्महिने अंगावर काढतात. घरचे मलम देतात, शेजारच्या काकू काढा सुचवतात, कोणीतरी ‘गावाकडचं जालीम औषध’ आणून देतं.

काढ्याला माझा विरोध नाही. तो कधी, कशासोबत आणि कशाच्या जागी घेतला जातो यावर मात्र पुढची दहा-वीस वर्षं अवलंबून असतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी दुखणं ओळखू. आपल्याकडे सगळ्याच सांधेदुखीला ‘संधिवात’ म्हणतात, त्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्याला लागू पडलेलं औषध सुनेच्या बोटांना दिलं जातं. ही दोन वेगळी दुखणी आहेत. झिजलेला गुडघा चालल्यावर दुखतो आणि बसलं की बरा वाटतो. आमवाताचा, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा (आरए), सांधा उलट विश्रांतीनंतर आखडतो. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा, बहुतेकदा तासाभरापेक्षा जास्त टिकतो. दोन्ही हातांच्या बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं आणि पायांचे चवडे सुजतात. नखाजवळचं पेर बहुधा सुटतं. कोणी हात मिळवताना पंजा आवळला की कळ येते. सोबत थकवा, कधी बारीक ताप. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळतो, आणि बऱ्याचदा ऐन कमावत्या वयात सुरू होतो.

आजार दुर्मीळ नाही. पुणे–सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये १९९६ साली संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमातलं ते काम होतं. प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण साधारण दोनशेत एक निघालं. तरुण कामगारांमध्ये ते थोडं कमी धरलं, तरी हजार माणसांच्या कारखान्यात दोन-चार जण असणारच.

या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारचं हाड कुरतडायला लागतं. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत नेमके उपचार सुरू झाले तर हे कुरतडणं बरंचसं रोखता येतं. नंतर दुखणं कमी करता येतं, पण वाकडं झालेलं बोट सरळ होत नाही. म्हणून सूज सहा आठवड्यांहून जास्त टिकली की आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या तपासण्या आणि हातांचा एक्स-रे करून घ्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाही असं नाही, आणि नुसता पॉझिटिव्ह आला म्हणजे आहेच असंही नाही. नुकताच चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे परिसरात त्याची मोठी साथ होती, आणि त्यानंतरची सांधेदुखी कित्येक महिने हुबेहूब आमवातासारखी वागू शकते.

मुख्य औषध बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट असतं. त्याबद्दल एकच गोष्ट, पण जिवावरची: ती गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवून टाका. पिंपरी-भोसरीच्या अनेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. गोळीनंतर ज्यांना मळमळ किंवा गळाल्यासारखं होतं, त्यांना सुट्टीच्या आदल्या रात्री गोळी घेणं सोयीचं पडतं. मात्र पुढे सुट्टीचा वार बदलला म्हणून मनाने गोळीचा वार बदलू नका. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड लिहून दिलं असेल तर तेही ठरल्याप्रमाणे घ्या.

पुण्याने काढ्याची परीक्षा घेतली, तेव्हा

वनौषधी आमवातात उपयोगी पडतात का, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फक्त गप्पांमध्ये राहिलेला नाही. डॉ. चोप्रांच्या पुण्यातल्या केंद्राने अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांच्या मिश्रणाची चाचणी घेतली. ती २००० साली प्रसिद्ध झाली. १८२ रुग्ण आणि १६ आठवडे. निम्म्यांना औषध, निम्म्यांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कोणाला काय मिळालं हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. निकाल असा की सांध्यांची सूज निम्म्याने उतरलेले रुग्ण औषधाच्या गटात जास्त होते, पण एकूण सुधारणेत दोन गटांमध्ये ठाम म्हणता येईल असा फरक पडला नाही. पोकळ गोळ्या घेणाऱ्यांपैकीही सुमारे तीस टक्क्यांना बरं वाटलं होतं. ‘मला गुण आला’ हे वाक्य ऐकताना हा आकडा डोक्यात ठेवायला हवा. सांगणारा खोटं बोलत नसतो. या आजाराची लाट मुळातच चढते आणि उतरते, आणि औषध घेतोय या भरवशानेही दुखणं हलकं होतं.

२०१२ साली त्याच गटाने पुढची चाचणी प्रसिद्ध केली. सुंठ आणि गुळवेल यांच्यावर आधारलेलं औषध एकीकडे, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन दुसरीकडे. १२१ रुग्ण, २४ आठवडे, आणि दोन्ही गटांत जवळपास सारखी सुधारणा. ही चांगली बातमी आहे, पण तिची मर्यादा नीट समजून घ्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे आमवाताच्या औषधांतलं सौम्य औषध, आणि हाड कुरतडणं थांबलं की नाही हे कळायला २४ आठवडे पुरत नाहीत. कोइंबतूरच्या आयुर्वेदिक केंद्रात शास्त्रोक्त आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशी तुलनाही झाली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिन्ही गट सारखेच सुधारले, पण रुग्ण होते अवघे ४३. एवढ्यावर कोणी मेथोट्रेक्सेट सोडू नये, आणि एवढं हाती असताना आयुर्वेदाला थोतांडही म्हणू नये.

मला यातून दिसतं ते असं: वनौषधी सूज आणि दुखणं काही प्रमाणात हलकं करतात, पण सांधा वाचवतात याचा पुरावा अजून नाही. म्हणजे त्यांची जागा मुख्य औषधाच्या जोडीला. पहिले सहा महिने नुसत्या काढ्यावर काढणं हा या आजारातला सगळ्यात महाग पडणारा घरगुती उपाय आहे.

आता एकेक बघू. हळद रोजच्या भाजी-आमटीत असतेच, ती राहू द्या. तिच्यातला गुणकारी घटक, कर्क्युमिन, साधारण तीन टक्केच असतो आणि आतड्यातून फारसा शोषला जात नाही. त्यामुळे हळदीच्या दुधाच्या पेल्याकडून गोळीची अपेक्षा ठेवू नका. कर्क्युमिनच्या तीव्र कॅप्सूल ही वेगळी गोष्ट. त्यांत बऱ्याचदा काळ्या मिरीचा अर्क घातलेला असतो. तो शोषण वाढवतो खरं, पण इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण बदलू शकतो, आणि अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नकोच. शल्लकी म्हणजे सालईचा डिंक. तो गोळीच्या रूपात मिळतो आणि बहुतेकांना सोसतो. काहींना पोटात आग होते, जुलाब लागतात. सुंठीचा चहा चालेल.

गुळवेलीबद्दल जास्त सांगायला हवं, कारण कोविडच्या काळात ती घरोघरच्या कुंपणावर चढली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि दुसऱ्याच जातीची वेल घेतली गेली असण्याची शक्यता मांडली. वाद कोणत्याही बाजूने सुटो, आपल्यापुरती गोष्ट सरळ आहे. ज्या वेलीला प्रतिकारशक्ती जागवणारी म्हणतात, ती प्रतिकारशक्तीच बिथरलेल्या माणसाने रोज, मनाने, वर्षानुवर्षं घेऊ नये. वैद्यांच्या देखरेखीखाली घेत असाल तर एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करत राहा. मेथोट्रेक्सेटसाठी ही तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते, तिच्यातच हेही बघून होतं. गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदिक औषधांची जी मोठी भारतीय चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यातही काही रुग्णांचं एसजीपीटी वाढलेलं आढळलं होतं. त्रास काही जाणवत नव्हता, रक्त तपासलं म्हणून कळलं.

वैद्य काय सांगतात, आणि आपण काय करतो

आमवात हा वेगळा आजार म्हणून तपशिलात मांडला तो माधवनिदानाने. पुढच्या ग्रंथांनी सांगितलेला उपचारक्रम लंघनापासून सुरू होतो: हलकं खाणं, पचन सुधारणं, कोरडा शेक, मग विरेचन आणि बस्ती. सुजलेल्या, गरम सांध्याला सुरुवातीच्या अवस्थेत तेल चोळू नये, वाळूच्या पुरचुंडीने कोरडं शेकावं, असं हे शास्त्र सांगतं. आणि आपण काय करतो? बोटं सुजली की पहिल्या दिवशी तिळाचं तेल कोमट करून मालीश, तीही जोर लावून. आधुनिक डॉक्टरही गरम, लालसर सांधा रगडू नका असंच सांगतील. इथे दोघांचं एकमत आहे, वेगळं वागतो ते आपण.

कढईत वाळू किंवा जाडं मीठ तापवा, सुती कापडात पुरचुंडी बांधा, आधी स्वतःच्या गालाला लावून चटका बसत नाही ना हे बघा आणि दहा-पंधरा मिनिटं शेका. सांधा लाल आणि तप्त असेल तर गरम नको, टॉवेलात गुंडाळलेला बर्फ बरा. निरगुडीचा पाला घालून उकळलेल्या पाण्याचा वाफारा हाताला आराम देतो. मावळात, खेडमध्ये ओढ्याकाठी तिची झुडपं सहज सापडतात. एमआयडीसीच्या नाल्याकाठचा पाला मात्र तोडू नका. पहाटे उठल्या उठल्या कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून त्यातच मूठ उघड-मीट करणं हा फुकटातला चांगला उपाय. पहिल्या पाळीसाठी गजर वीस मिनिटं आधीचा लावावा लागेल, तेवढाच काय तो खर्च.

बिब्बा नको. गावाकडे अजूनही दुखऱ्या सांध्यावर बिब्ब्याचा चटका देतात. त्याच्या तेलाने कातडी फोडासकट भाजते, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्याच्या अंगावर ती जखम चिघळू शकते. रुईच्या चिकाचंही तसंच, तो डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं.

एरंडेल हे आमवातातलं मानाचं औषध. मेथोट्रेक्सेट चालू असताना मात्र जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर ती गोळी मूत्रपिंडातून नीट बाहेर पडत नाही आणि तिचा विषारी परिणाम वाढतो. म्हणून विरेचन करायचं तर आधी वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही कळवून. दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोल असतो. यकृतावर आधीच ताण असेल, किंवा मधुमेह असेल, तर हेही विचारून घ्या.

धातूंचा प्रश्न टाळता येत नाही. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. साधा योगराज गुग्गुळ वनस्पतींचा असतो, पण महायोगराज गुग्गुळात पारंपरिक पाठानुसार शिशाचं नागभस्म आणि पाऱ्याचं रससिंदूर असतं. नावात एका ‘महा’चा फरक, म्हणून चिठ्ठी नीट वाचा. कुचला, बिब्बा, पारा यांसारखी द्रव्यं असलेल्या औषधांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशी सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी नसलेली पुडी घरात आणूच नका.

त्यातही पुणे–नाशिक महामार्गाच्या कडेला तंबूत विकली जाणारी पुडी. तीन दिवसांत बोटं मोकळी झाली, भूक वाढली, हुरूप आला, तर आनंदाच्या आधी संशय घ्या. वनौषधी इतक्या झपाट्याने काम करत नाहीत, स्टेरॉइड करतं. सांधेदुखीच्या ‘आयुर्वेदिक’ चूर्णांत डेक्सामेथासोन किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी देशोदेशी आहेत. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात. अशी पुडी बराच काळ घेतली असेल तर एकदम थांबवूही नका, ते धोक्याचं असतं. ती डॉक्टरांना दाखवा आणि सांगतील तशी कमी करा.

हात चालते ठेवायचे

बिनऔषधी उपायांमध्ये सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो व्यायामाचा, आणि नेमका तोच कोणाला आवडत नाही. इंग्लंडमध्ये ४९० आमवाताच्या रुग्णांवर झालेल्या ‘सारा’ चाचणीत (२०१४) मुख्य औषध चालू ठेवून हातांचे ठरावीक व्यायाम शिकवले. वर्षभरानंतर व्यायाम करणाऱ्यांचे हात कामाला अधिक चांगले राहिले. प्रकार साधे: बोटं फाकवणं आणि मिटणं, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला टेकवणं, मनगट गोल फिरवणं, मऊ चेंडू किंवा कणकेचा गोळा दाबणं. सूज भडकलेली असेल तेव्हा दाबण्याचे प्रकार थांबवा, नुसती हालचाल चालू ठेवा. मोठ्या रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागात मेणाचा शेक मिळतो. त्यानंतर लगेच व्यायाम केला तर हात चांगले वळतात.

योगासनं जरूर करा, पण या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात. म्हणून शीर्षासन, सर्वांगासन, हलासन नको. सूज असताना मनगटावर भार येणारे सूर्यनमस्कारही नकोत. शवासन, श्वसनाचे प्रकार आणि खुर्चीत बसून करायच्या हालचाली कोणीही करू शकतं. घरात कपडे पिळायचं काम दुसऱ्याला द्या, बादली दोन्ही हातांनी उचला, भरलेली पिशवी बोटांना न अडकवता कोपराला अडकवा.

खाण्याबाबत ग्रंथ दही, गूळ, मासे, उडीद वर्ज्य सांगतात. आधुनिक अभ्यास मात्र माशांच्या तेलाला अनुकूल आहेत. त्यातल्या ओमेगा-३ मुळे सूज थोडी उतरते. मग करायचं काय? माझं मत: जे खाल्ल्यावर दर वेळी सांधे भडकतात ते महिनाभर सोडून बघा आणि फरक पडला नाही तर पुन्हा खा. बांगडा, तारली खाणाऱ्याने उगाच सोडू नये. न खाणाऱ्यांनी जवसाची चटणी रोज घ्यावी, माशाएवढा गुण तिला नाही, पण नुकसानही नाही. लंघनालाही थोडा आधार आहे. नॉर्वेत ५३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (१९९१) काही दिवसांचा उपास आणि पुढे वर्षभर शाकाहार यांनी बऱ्याच जणांना आराम पडला. पण तो डॉक्टरांच्या नजरेखालचा उपास होता. गोळ्या चालू असताना निर्जळी एकादशी करू नका.

फाउंड्रीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. भोसरी-चाकणच्या ओतकामाच्या कारखान्यांत वाळूची जी बारीक सिलिका धूळ उडते, ती आमवाताचा धोका वाढवते, आणि धूम्रपानाची जोड मिळाली की तो कित्येक पटींनी चढतो. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं आहे. कापडी रुमालाने ही धूळ अडत नाही, धुळीसाठीचा योग्य श्वसनमास्क मागून घ्या. आमवात असलेल्याने विडी-सिगारेट सोडणं हे कोणत्याही गुग्गुळापेक्षा मोठं औषध आहे. धूम्रपानाने आजार भडकतो आणि औषधंही धूम्रपान करणाऱ्यांवर कमी चालतात.

उपचारांसाठी मुंबईला धाव घ्यायची गरज नाही. ईएसआयचं कार्ड असेल तर चिंचवडच्या मोहननगरमधल्या रुग्णालयातून सुरुवात करा. पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि डी. वाय. पाटील रुग्णालय जवळ आहेत. शहरात खासगी संधिवाततज्ज्ञही आहेत. आयुर्वेदाची जोड हवी असेल तर पिंपरीत डी. वाय. पाटील आयुर्वेद महाविद्यालयाचं आणि पुण्यात रास्ता पेठेतलं ताराचंद रुग्णालय आहे. तंबूपेक्षा तिथली चिठ्ठी कधीही भरवशाची. जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, डब्या एका पिशवीत घालून न्या आणि दोन्हीकडे दाखवा. ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून काढा लपवू नका. रक्ताच्या अहवालात यकृताचा आकडा वाढलेला दिसला आणि काढा ठाऊक नसेल, तर डॉक्टर चुकीचंच औषध बंद करतील.

आणि मूल हवं असेल तर ते आधी सांगा. मेथोट्रेक्सेटवर असताना गर्भ राहता कामा नये, ती गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने आधी थांबवावी लागते आणि गरोदरपणात चालणारी दुसरी औषधं आहेत. भस्मं, गुग्गुळ आणि विरेचनाची औषधंही त्या काळात बंद ठेवायची असतात. हे नव्याने लग्न झालेल्या मुलीला सासरच्या माणसांसमोर सांगणं जड जातं, म्हणून तपासणीच्या वेळी पाच मिनिटं एकटीने बोलायचं आहे असं सरळ डॉक्टरांना सांगावं.